जिनिंगच्या काट्याची सिरीयल केबल: चोपड्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी आधी विषय: गाड्या तोलणाऱ्या काट्याचं (वे-ब्रिजचं) वजन सिरीयल केबलने ऑफिसच्या पीसीवर येतं. आरएस-२३२ आणि आरएस-४८५ ही अशा जोडणीची दोन स्टँडर्ड, त्यातलं ४८५ लांब अंतरासाठी. कॅट-५ई म्हणजे नेटवर्कची केबल, आणि शील्ड म्हणजे वायरींभोवतीचं धातूचं आवरण. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "आरएस-२३२ची केबल १५ मीटरच्या पुढे नेऊ नका, ४८५ कन्व्हर्टर लावा, हा सल्ला पुस्तकी आहे. आमच्या जिनिंगमध्ये वे-ब्रिजच्या केबिनपासून ऑफिसपर्यंत ४० मीटर शील्डवाली कॅट-५ई टाकली आहे, फक्त तीन वायर जोडल्यात, शील्ड दोन्हीकडे पक्की केली आहे आणि तीन सीझन काम चालू आहे. कधीमधी वजन उलटसुलट दिसतं, पण तो सॉफ्टवेअरचा दोष. उगाच खर्च वाढवू नका."

लांबीबद्दल तुमचा अनुभव बरोबर आहे आणि त्याला कारणही आहे. १५ मीटर म्हणजे जुन्या स्टँडर्डमधले ५० फूट, तेही २०,००० बिट प्रति सेकंद या वेगापर्यंत. खरी मर्यादा कपॅसिटन्सची (केबल किती विद्युतभार साठवते त्याची), २५०० पिकोफॅरडची. कॅट-५ईच्या एका जोडीचा कपॅसिटन्स मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरला तर ४० मीटरला २००० होतात. शील्डमुळे त्यात भर पडते, पण ९६०० बॉडला (इथे बॉड म्हणजे बिट प्रति सेकंद) एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. सिग्नलची कड थोडी गोल झाली तरी रिसीव्हरला वाचता येते. त्यामुळे तुमची केबल चालते यात नवल नाही. २४०० बॉडला ती याहून लांबही चालेल.

माझी हरकत लांबीला नाही. केबिन आणि ऑफिस या दोन वेगळ्या इमारती आहेत, दोघांचं अर्थिंग वेगळं, बहुतेक वेळा फेजही वेगळा. आरएस-२३२मध्ये प्रत्येक सिग्नल ५ नंबरच्या पिनच्या, म्हणजे ग्राउंडच्या, तुलनेत मोजला जातो. दोन टोकांचे ग्राउंडच एकमेकांपासून हलले तर मधल्या फरकाचे व्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतात. जिनच्या मोठ्या मोटारी स्टार्ट होताना हा फरक उसळी घेतो. तुम्ही शील्ड दोन्हीकडे जोडल्यामुळे तो करंट शील्डमधूनही वाहतो. शील्ड फक्त पीसीकडे, कनेक्टरच्या लोखंडी बॉडीला जोडा, ५ नंबरला नाही. काट्याकडचं टोक कापून त्यावर श्रिंक स्लीव्ह चढवा.

आता "वजन उलटसुलट दिसतं" याकडे वळतो. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य मला सगळ्यात गंभीर वाटलं, कारण त्या पावतीवर कुणाच्या तरी कापसाचे पैसे ठरतात. आधी एक गोष्ट तपासा: चूक ठरावीक आकड्यांतच होते का? इंडिकेटर (काट्याचा वजन दाखवणारा डबा) ७ बिट इव्हन पॅरिटीवर (पॅरिटी म्हणजे चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट) पाठवत असेल आणि पीसी ८ बिट नो पॅरिटीवर वाचत असेल, तर ०, ३, ५, ६, ९ बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८च्या जागी भलतीच चिन्हं येतात. ३५६० नीट, १२४० बिघडलेलं, असं असेल तर केबलला हात लावू नका, सेटिंग जुळवा.

पण चूक कुठल्याही आकड्यात, आणि मोटार सुरू होतानाच येत असेल, तर ती ग्राउंडची. इथे धोका मोठा आहे. ० आणि ८ यांच्या कोडमध्ये फक्त एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट फिरला की १०,०४० किलोचे १८,०४० होतात, आणि पॅरिटी बंद असेल तर पीसीला शंकासुद्धा येत नाही. म्हणून इंडिकेटरवर पॅरिटीची सोय असेल तर दोन्हीकडे चालू ठेवा. शिवाय सलग तीन वाचनं सारखी आल्याशिवाय पावती निघू नये, एवढा बदल सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या.

ग्राउंड मोजणं पाच मिनिटांचं काम आहे. पीसी आणि इंडिकेटर बंद करून पीसीकडचा कनेक्टर काढा, मग दोन्ही चालू करा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब केबलच्या ५ नंबरला, दुसरा पीसीच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या लोखंडाला. शील्ड दुसऱ्या टोकाला अजून जोडलेली असेल तर केबलच्या कनेक्टरची बॉडी पीसीला टेकू देऊ नका. जिन चालू असताना आणि मोटार स्टार्ट होताना, दोन्ही वेळा आकडा बघा. १ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ३ व्होल्टच्या वर गेला तर ही केबल या रूपात ठेवू नये. आणि ७०, ९०, ११० असं काही दिसलं तर कुठल्या तरी टोकाचं अर्थिंग तुटलेलं आहे. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येणारा करंट अर्थ न मिळाल्याने बॉडीवर उभा असतो. करंट अगदी थोडा असला तरी चालू मशीनमध्ये कनेक्टर खुपसताना तोच सिग्नलच्या पिनमधून जातो आणि पोर्टची चिप मरते. तसं असेल तर आधी वायरमन बोलवा, कन्व्हर्टरचं नंतर बघू.

कन्व्हर्टर घ्यायचाच झाला तर ऑप्टो-आयसोलेटेड लिहिलेला घ्या, म्हणजे आत सिग्नल प्रकाशाने जातो आणि दोन बाजूंचे ग्राउंड जोडलेले नसतात. साध्या ४८५ कन्व्हर्टरने लांबी वाढते, पण दोन ग्राउंडमधल्या फरकामुळे लाइनवरचे व्होल्ट −७ ते +१२च्या मर्यादेपुढे गेले की तोही जातो. पोर्टमधूनच वीज घेणारे स्वस्त कन्व्हर्टर टाळा. ते पोर्टच्या डीटीआर आणि आरटीएस या कंट्रोल लाइनच्या विजेवर जगतात, आणि काटा सॉफ्टवेअरने त्या लाइन उचललेल्याच नसतील तर कन्व्हर्टर मुकाच राहतो. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला घ्या. ४८५च्या ए आणि बी या दोन वायर एकाच पिळाच्या जोडीत, उदाहरणार्थ निळा आणि पांढरा-निळा. चिन्हं कंपनीगणिक उलटी असतात, डेटा विचित्र आला तर दोन वायर अदलाबदल करा, काही जळत नाही. ४० मीटर आणि ९६००ला लाइनच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर लागत नाही. तुमच्या इंडिकेटरला २० मिलीअँपिअर करंट लूपचं (व्होल्टऐवजी करंटने डेटा पाठवणारं) आउटपुट असेल तर तेही बघा. वजन एकाच दिशेने येतं, त्यामुळे दोन वायर आणि पीसीकडे एक ऑप्टो-कपलरचा रिसीव्हर एवढ्यात काम होतं, आणि खर्चही कमी.

तीन वायरबद्दल तुमच्याशी सहमत आहे, फक्त एका अटीवर: सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरवरून "थांब", "पाठव" सांगणं) बंद हवा. तो बंद करता येत नसेल तर पीसीकडच्या कनेक्टरमध्येच ७-८ आणि १-४-६ या पिना आपसात जोडून टाका. मात्र हाच न्याय सिरीयल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला लावू नका. त्याचा बफर भरला की त्याला "थांब" सांगावं लागतं, नाहीतर पावतीच्या मधल्या ओळी गळतात. त्याच्या २५ पिनमधली २० नंबर पीसीच्या ८ आणि ६ला न्या. २ला २, ३ला ३ आणि प्रिंटरची ७ पीसीच्या ५ला. सरळ दिसते तरी ही केबल क्रॉसच आहे, कारण ९ आणि २५ पिनमध्ये २ आणि ३चे अर्थ उलटे असतात.

केबलचं कव्हरही बघा. घरातल्या वापराची पांढरी पीव्हीसी आपल्या ४५ अंशांच्या उन्हात तडकते, मग मृगाचं पाणी आत शिरतं. पाइपमधून नसेल तर काळी आउटडोअर केबल टाका.

मीटरवर आलेला आकडा इथेच कळवा. मोटार स्टार्ट होतानाही तो १ व्होल्टच्या आत राहिला, तर शील्ड एका टोकाला सोडवून तुमची हीच केबल खुशाल वापरा.