घरकुलाला कुलूप आहे, कारण माणसं उसात आहेत

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. वर एका घरकुलाचा फोटो, दाराला कुलूप. खाली मजकूर: "मराठवाड्यातली निम्मी घरकुलं कुलूपबंद आहेत. राहायचंच नव्हतं तर घर घेतलं कशाला? असल्यांची घरकुलं काढून गरजूंना द्या. हे लोक गरीब नाहीतच, एका कोयत्याला लाखाच्या वर उचल मिळते. रेशन फुकट, बहिणीला पंधराशे, मग काम कोण करणार? पुढे पाठवा."

त्याच ग्रुपात माझी मावसबहीण आहे. ती आणि तिचा नवरा दिवाळी झाली तशी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेत. ग्रुपवर ती काही बोलली नाही. रात्री मला व्हॉइस मेसेज पाठवला, मागं ट्रॅक्टर घरघरत होता. "दादा, आपलं घरकुल वापस घेतेत का रे? मामानं टाकलंय ते." तिच्या या प्रश्नासाठी हे लिहितोय. आणि मामांसाठीही, कारण मामांनी तो मेसेज वाचून नव्हे, नुसता बोट लावून पाठवला असणार.

आधी कुलपाचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्यानं होणार आहे.

मी काही वर्षं बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज या भागात घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम केलंय. डिसेंबरात तिथल्या एखाद्या वाडीवर किंवा तांड्यावर गेलं, तर गल्लीच्या गल्ली बंद दिसते. मे महिन्यात त्याच गल्लीत खाटा बाहेर पडलेल्या असतात, पोरं आरडाओरडा करत असतात, लग्नाचे मांडव पडलेले असतात. घर तेच, माणसं तीच, फक्त महिना वेगळा. फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे त्या मेसेजमध्ये कुठं लिहिलंय? 'निम्मी' हा आकडा कुणी, कधी, किती गावांत मोजला, तेही नाही.

बरं, फोटो तरी नीट बघायचा. कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर दोरा बांधलाय. भिंतीच्या कडेला गोवऱ्या रचून त्यावर पाचट टाकलंय, पाचटावर दगड ठेवलेत. रांजण पालथा घातलाय. घर सोडून गेलेला माणूस कुलूप गंजू नये म्हणून पिशवी बांधत नाही. ज्याला एप्रिलात परत येऊन त्याच गोवऱ्यांवर चूल पेटवायचीय, तोच एवढी निगा करून जातो. आणि अशा बहुतेक घरांची चावी शेजारच्या एखाद्या म्हातारीकडं असते. विचारलं की ती कनवटीची चावी काढून दाखवते आणि कोण कोणत्या कारखान्यावर गेलंय, कुणाचं लेकरू मागं राहिलंय, हे सगळं सांगते. फोटो काढणाऱ्यानं तिला विचारलेलं दिसत नाही.

हे घरकुल तरी किती मोठं? प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली आली. सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये, किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसकट 270 चौरस फुटांच्या आतबाहेर. पैसे हप्त्यानं येतात आणि पुढचा हप्ता काम पुढं सरकल्याचा फोटो चढवल्यावर. सिमेंट, सळई, वाळू, गवंड्याची मजुरी धरली तर तेवढ्यात भागत नाही. राज्यानं 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, तीही जुन्या घरांना नाही. माझ्या बहिणीनं आपल्या घराचा स्लॅब कशातून पुरा केला? उचलीतून, ऊसतोडीआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून. म्हणजे ज्या घराला कुलूप लागलं म्हणून ते काढून घ्या म्हणताय, ते घर पुरं करण्यासाठीच ते जोडपं कुलूप लावून गेलंय. मामा, हे तुम्हाला माहीत आहे. वास्तुशांतीला तुम्ही होतात.

आता उचल. "लाखाच्या वर मिळते." मिळते हा शब्दच चुकीचा आहे. उचल म्हणजे मुकादमाकडून, म्हणजे तोडणीला मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, हंगामाच्या आधी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि ती तोडणीत फेडायची असते. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर साडेतीनशेच्या पुढं गेला. 366 रुपये धरा. एक लाख फेडायला 273 टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडीत भरावा लागतो. एका जोडीचे दिवसाला 2 टन धरले, तेही अंगात बळ असताना, तर 136 दिवस. साडेचार महिने, एकही सुट्टी नाही, पोटाला एक रुपयाही खर्च नाही, असं धरून. हंगाम लवकर आटोपला की बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, त्याचा दंड वेगळा. ज्याला बँक दारात उभी करत नाही, त्यानं स्वतःची आणि बायकोची सहा महिन्यांची मेहनत आधीच गहाण टाकून घेतलेलं हे कर्ज आहे. याला श्रीमंती म्हणायची असेल तर शब्दांना काही अर्थ उरत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या घराबद्दल. मेसेजमध्ये त्याचा फोटो नाही. या कुटुंबांची घरं दोन असतात. एक गावाकडं, कुलूप लागलेलं. दुसरं उसाच्या फडाजवळच्या तळावर, कोपी. बांबू, चटया आणि ताडपत्री. वाकून आत जायचं, बसूनच वावरायचं. दार नाही, म्हणून कुलूपही नाही. चूल बाहेर तीन दगडांची. पाणी येईल तेव्हा टँकरचं. बाईमाणूस पहाटे तीनला उठतं, कारण अंघोळ अंधारातच उरकावी लागते, आडोसा दुसरा नाही. शौचालय बहुतेक तळांवर नाहीच. मासिक पाळीतही मोळ्या वाहायच्या, कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं, गावी आल्यावर खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि गर्भाची पिशवी काढून टाकली जाते.

हे मी वाढवून सांगत नाही. बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये ओरड झाली तेव्हा राज्यानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या बायकांत देशाचं प्रमाण होतं 3.2 टक्के, शंभरात तीन. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि मग सांगा, कोणत्या घराचा प्रश्न मोठा आहे. गावातल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत हा, की वर्षातला अर्धा काळ ही बाई जिथं झोपते तिथं मोरीसुद्धा नाही हा? "घर दिलं, आता आणखी काय पाहिजे" असं म्हणणाऱ्यांनी एक रात्र तळावर काढावी.

रेशन आणि लाडकी बहीण योजनेच्या पंधराशेचं थोडक्यात. प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य, 2023 पासून मोफत. पंधराशे म्हणजे दिवसाला 50 रुपये. यावर कोणी काम सोडून बसत असेल तर दिवाळी झाली की ट्रकच्या ट्रक भरून जातात ते कोण? खुरपणीला आणि कापूस वेचायला बाई मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. आमच्या घरीही ती रोज ऐकतो. पण वेचणी ऐन भरात असते तेव्हाच अर्धं गाव उसात गेलेलं असतं, आणि जी मागं आहे ती पूर्वीच्या मजुरीवर यायला तयार नाही. तिनं भाव वाढवून मागितला तर तो आळस कसा?

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजानं. घरकुलात गडबडी आहेत. ट्रॅक्टरवाल्याला घर मिळालंय आणि पालात राहणाऱ्याचं नाव आधी सुटलेल्यांच्या 'ड' यादीत कुठं अडकलंय कळत नाही, असं मी डोळ्यानं पाहिलंय. काही घरं खरोखरच कायमची रिकामी आहेत, माणसं चाकणला, पुण्याला स्थायिक झालीत. काही ठिकाणी घरकुलात कडबा भरलाय. याची चौकशी जरूर व्हावी, गावानं ग्रामसभेत नावं घेऊन विचारावं. पण ती शोधायची पद्धत कुलूप बघणं ही नव्हे. कुलपावरून यादी केली तर पहिलं नाव ऊसतोड्याचं येईल आणि ट्रॅक्टरवाला सुटेल, कारण तो बारा महिने ओट्यावर बसलेला असतो.

ही भीती उगाच नाही. 2011 ची जनगणना झाली 9 ते 28 फेब्रुवारीला, ऐन हंगामात. त्या सबंध काळात जो बाहेर असतो त्याला गावच्या घरात मोजत नाहीत, जिथं मुक्काम तिथं मोजतात. तळावरच्या कोपीपर्यंत कोणी गेलं तर ठीक, नाही तर तो दोन्हीकडून सुटला. पुढची मोजणीही फेब्रुवारी 2027 मध्येच आहे.

बहिणीला मी सांगितलंय, असा मेसेज आला म्हणून घरकुल जात नसतं, मंजुरीची कागदं आणि हप्त्यांचं पासबुक तेवढं जपून ठेव. कागदं ट्रंकेत आहेत म्हणाली, आणि चावी आत्याकडं. मामा, ग्रुपवरचा तो मेसेज काढा. ती वाचतेय.