खुलासा: ‘सी’, ‘हिअर’नंतर नेहमीच आयएनजी लागत नाही
इंग्रजीत ‘सी, हिअर, वॉच यांच्यानंतर येणाऱ्या क्रियापदाला कायम आयएनजी लावा’ असा नियम स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधून फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे तो रस्ता ओलांडून पलीकडे गेलेला पाहिला. ‘क्रॉसिंग’ म्हटलं की ओलांडताना दिसला. पलीकडे पोचला की नाही, ते वाक्य सांगत नाही. ‘हर्ड द डोअर स्लॅम’ म्हणजे दार एकदाच आपटलं, ‘स्लॅमिंग’ म्हणजे सहसा पुन्हापुन्हा आपटत होतं. ‘स्मेल’नंतर मात्र आयएनजीच: ‘आय कॅन स्मेल समथिंग बर्निंग’. कर्मणी प्रयोगात खास जपा. तिथे मूळ रूपाआधी ‘टू’ येतो: ‘ही वॉज सीन टू क्रॉस द रोड’. ‘टू’ गाळला की वाक्य चुकलंच. ‘क्रॉसिंग’ मात्र तसंच राहतं.