‘एकदा घेतला की कायमचा’ : डीआरएम-मुक्त गेमचा मेसेज किती खरा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : “गेम गॉगवरून घ्या. डीआरएम नाही, म्हणजे गेम कायमचा तुमच्या मालकीचा. नेट लागतच नाही. दुकान बंद पडलं तरी फरक पडत नाही. पेनड्राइव्हवर घालून मित्रांनाही द्या. स्टीमवर सगळ्या गेमना कुलूप असतं, इथं नाही.”

डीआरएम म्हणजे परवानगीशिवाय गेम चालू न देणारं डिजिटल कुलूप. गॉग आणि स्टीम ही कॉम्प्युटर गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. गॉग हे दुकान पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं २००८ साली ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावानं सुरू केलं. गेम चालू करताना कुठल्याही सर्व्हरची परवानगी लागू नये, हे पहिल्यापासूनचं त्यांचं धोरण आणि तीच त्यांची जाहिरात. जाहिरात खोटी नाही. पण नव्या गिऱ्हाइकाला ती ज्या पद्धतीनं सांगितली जाते त्यात मुख्य गोष्ट मागं पडते : हा फायदा पैसे भरले म्हणून पदरात पडत नाही. तो ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ नावाच्या, नेटशिवाय गेम बसवणाऱ्या फाइलींत असतो, आणि त्या फाइली आपण उतरवून, तपासून, जपून ठेवल्या तरच. मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढंच गाळलंय.

“गेम कायमचा तुमच्या मालकीचा.”

नाही. गॉगच्या वापरकरारात स्पष्ट लिहिलंय की तुम्हाला मिळतो तो वैयक्तिक वापराचा परवाना, आणि काही परिस्थितीत तो थांबवताही येतो. शेत कसायला मिळालं, उतारा मात्र नावावर झाला नाही, असा प्रकार. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा झाला की डिजिटल माल विकताना हा परवाना आहे, मालकी नव्हे, हे गिऱ्हाइकाला ठळक सांगायचं. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, स्टीमनं खरेदीच्या पानावर तशी ओळ घातली, आणि गॉगनं लगेच संधी साधून सांगितलं की आमचे ऑफलाइन इन्स्टॉलर तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. या वाक्यात ‘इन्स्टॉलर’ म्हटलंय, ‘गेम’ नाही, ‘खातं’ तर नाहीच. ग्रुपवर येईपर्यंत त्याचं ‘मालकी’ झालं. खातं बंद झालं तर तुमच्या हार्डडिस्कवर असेल तेवढं उरेल, बाकीचं गेलं.

“नेट लागतच नाही.”

इथं जरा थांबूया, कारण आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथं होते.

खेळायला नेट लागत नाही, आणायला लागतं. समजा गेम ४० जीबीचा आहे. बेळगाव शहरात फायबरवर खरोखर ४० एमबीपीएस वेग मिळत असेल तर सव्वादोन तासांत उतरतो. जांबोटी-कणकुंबीकडं घर असेल आणि मोबाइलचा रोजचा दीड जीबी हाच आधार असेल, तर रोजचा सगळा डेटा गेमलाच घातला तरी २७ दिवस जातात. त्यात पावसाळ्यात लाईट आणि रेंज एकदमच जातात. म्हणून असल्या ठिकाणच्यानं शहरात कुठं ओळखीच्याकडं किंवा हॉस्टेलवर फायबर आहे ते बघून डाउनलोड तिथं करावं, आणि फाइली घरी न्याव्यात. डीआरएम नसण्याचा खरा उपयोग हाच आहे की. पण त्यासाठी नेमकं काय उतरवायचं ते माहीत पाहिजे.

दुकानाची बटणं दाबत गेलं की नवा माणूस बहुधा गॉगच्याच गॅलेक्सी या ॲपवर पोचतो आणि तिथंच ‘इन्स्टॉल’ करतो. त्यानं गेम चालतो, पण हातात इन्स्टॉलर राहत नाही. गेमचा फोल्डर तसाच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उचलून नेला तर कधी चालतो, कधी ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ म्हणून बंद पडतो. कारण इन्स्टॉलर गेमसोबत व्हिज्युअल सी++ आणि डायरेक्टएक्सचे सुटे भागही बसवतो आणि रजिस्ट्रीत नोंद करतो, नुसत्या कॉपीत ते येत नाही.

तेव्हा ब्राउझरवरून खात्यात लॉगिन करा, लायब्ररीत जा, गेमवर क्लिक करा, आणि खाली ‘ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’ हा भाग शोधा. वर ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषा निवडायची सोय असते, ती आधी बघून घ्या. लिनक्सची फाइल विंडोजवर आणून ठेवणारे कमी नाहीत. विंडोजसाठी एक ‘सेटअप’ नावाची छोटी ईएक्सई फाइल मिळते, आणि गेम मोठा असेल तर तिच्याबरोबर १, २, ३ असे क्रमांक लावलेल्या बिन फाइली, साधारण प्रत्येकी ४ जीबीच्या आतल्या. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये पाहिजेत आणि नावं बदलायची नाहीत. एक जरी बिन राहिली तर इन्स्टॉल निम्म्यावर जाऊन पुढची फाइल मागत बसतं. डाउनलोडच्या वेळी ब्राउझरनं एखाद्या नावापुढं कंसात आकडा लावला असेल तरी हाच घोटाळा होतो, आणि लोक दोष देतात गेमला.

डीएलसी, म्हणजे गेमचा वेगळा विकत मिळणारा जोडभाग, घेतलं असेल तर त्याचे इन्स्टॉलर वेगळे. आधी मूळ गेम, मग डीएलसी, आणि दोन्ही एकाच आवृत्तीचे. मूळ गेम गेल्या वर्षी उतरवलेला आणि डीएलसी आजचं, असं झालं तर बसताना किंवा चालताना अडतं. ऑफलाइन इन्स्टॉलर स्वतःहून अपडेट होत नाही. गेममध्ये दुरुस्ती आली की एकतर पॅच फाइल दिलेली असते, नाहीतर सगळं नव्यानं उतरवायचं. म्हणून नुकत्याच बाहेर पडलेल्या गेमचा इन्स्टॉलर लगेच साठवू नका. दुरुस्त्या थांबल्या की मग.

डाउनलोड मध्येच तुटलं तर ब्राउझरला जुन्या लिंकवरून पुढं जाता येईलच असं नाही, कारण या लिंकना मुदत असते. लायब्ररीचं पान पुन्हा उघडून नवी लिंक घ्यायची. लाईटचा भरवसा नसेल तर राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्या, नुसता कॉम्प्युटर घेऊन उपयोग नाही. जागेचा हिशेब दुप्पट धरा : ४० जीबीचा इन्स्टॉलर आणि बसवलेला ४० जीबीचा गेम. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर बरं. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. घाईत डिस्क उपसून काढली तर एखादी बिन अर्धवट राहते आणि महिन्यांनी इन्स्टॉल करताना ‘सोर्स फाइल करप्ट’ असा संदेश येतो. फाइली ठेवल्या त्याच दिवशी विंडोजच्या सर्टयुटिल कमांडनं प्रत्येकीचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीच्या ठशासारखा आकडा, काढून त्याच फोल्डरमध्ये नोटपॅडवर लिहून ठेवला, तर पुढं कुठली बिघडली ते लगेच कळतं आणि तेवढीच पुन्हा आणता येते.

आता सेव्ह. खेळलेली प्रगती बहुतेक वेळा गेमच्या फोल्डरमध्ये नसतेच. डॉक्युमेंट्समध्ये, ‘सेव्हड गेम्स’मध्ये नाहीतर ॲपडेटामध्ये असते. क्लाउडवर ती जाते गॅलेक्सी चालू असेल तरच, आणि त्यालाही २०२४ पासून प्रत्येक गेममागं २०० एमबीची मर्यादा आहे. विंडोज नव्यानं टाकण्याआधी सेव्हचा फोल्डर शोधून बाजूला काढा.

आणि चौघांनी मिळून ऑनलाइन खेळायचं असेल तर नेट लागणारच. बऱ्याच गेमना त्यासाठी गॅलेक्सीसुद्धा लागतं. एकट्यानं खेळायच्या गेमच्याही आत सर्व्हर लपलेला असू शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये गॉगवर ‘हिटमॅन’ आला. गेम सुरू व्हायचा, पण त्यातली बरीच प्रगती सर्व्हरशी जोडलेली होती. गिऱ्हाइकांनी दुकानाला धारेवर धरलं आणि ऑक्टोबरमध्ये गेम काढून घ्यावा लागला. घेतलेल्यांनी ओरड केली म्हणून हे झालं, हे लक्षात घ्या. माल ठेवताना दुकानानं चाळणी लावली नव्हती.

“दुकान बंद पडलं तरी फरक पडत नाही.”

उतरवून ठेवलं असेल तर नाही. नसेल तर? करारात म्हटलंय की सेवा कायमची बंद करायची वेळ आली तर निदान ६० दिवस आधी कळवायचा प्रयत्न करू, त्या काळात विकत घेतलेलं उतरवून घ्या. प्रयत्न करू, म्हणजे हमी नव्हे. आणि रोजच्या दीड जीबीत ६० दिवसांत ९० जीबी होतात, म्हणजे आजकालचे दोनच मोठे गेम. ज्यांच्या लायब्ररीत सेलमध्ये घेतलेले पन्नास पडलेत त्यांनी हिशेब करावा.

“पेनड्राइव्हवर घालून मित्रांनाही द्या.”

तांत्रिक अडचण काहीच नाही, म्हणून तर ही ओळ पटते. परवाना मात्र तुमच्या एकट्याच्या वापरासाठी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं (१९५७) कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप ठेवू देतं, तेवढंच. वाटलेली प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणं हा त्याच कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे, तो वापरणाऱ्यावरही लागतो.

शिवाय हातोहात फिरलेल्या पेनड्राइव्हवर काय काय चढलेलं असतं देव जाणे. सेटअप फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब बघा. खऱ्या फाइलीवर गॉग कंपनीची सही असते. टॅबच नसेल किंवा सही अवैध दाखवत असेल तर ती फाइल उघडू नका. ही सही फक्त ईएक्सईची, बिनांची नव्हे, हेही ध्यानात असू दे.

“स्टीमवर सगळ्या गेमना कुलूप.”

हे सपशेल चूक. स्टीमचं डीआरएम गेम करणाऱ्याच्या मर्जीवर आहे. न लावणारेही भरपूर आहेत. तपासायला दोन मिनिटं लागतात : स्टीम पूर्ण बंद करा, नेट तोडा, गेमच्या फोल्डरमधली ईएक्सई थेट उघडा. स्टीम न उघडता गेम चालला तर कुलूप नाही. डेनुव्होसारखं बाहेरचं डीआरएम असेल तर ते स्टीमवरच्या गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या चौकटीत लिहिलेलं असतं, फक्त तिकडं कुणी बघत नाही.

फरक आहे तो दुसरीकडं. स्टीम इन्स्टॉलर हातात देत नाही, आणि गेम आणायला स्टीमचं ॲप चालावंच लागतं. १ जानेवारी २०२४ पासून त्या ॲपनं विंडोज ७ आणि ८ ला आधार देणं थांबवलं. घरात जुना विंडोज ७ चा कॉम्प्युटर असेल तर त्यावर पूर्वी साठवलेला ऑफलाइन इन्स्टॉलर आजही बसतो. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी गॉगचा हा फायदा मोठा आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

खरेदी करायचीच असेल तर शेवटच्या पानावर चलन बघा. डॉलर असतील तर बँक वर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनाचं जादा शुल्क, लावते. १६ मार्च २०२० नंतर दिलेल्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. आणि पैसे भरून झाले की परत बंद. गॉगवर पैसे परतीची मुदत ३० दिवसांची, गेम उतरवून खेळला असला तरी. स्टीमवर १४ दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेला असावा लागतो. या ३० दिवसांतच इन्स्टॉलर पूर्ण उतरवा, गॅलेक्सी नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर वायफाय बंद करून बसवा, तासभर खेळा, सेव्ह करा, बंद करून परत उघडा. कुठं लॉगिन मागितलं किंवा प्रगती गायब झाली, तर स्क्रीनशॉट काढून त्याच आठवड्यात पैसे परत मागा.