फ्युएल फिल्टरची तुटलेली क्लिप फुकटात कशी जोडावी

गाडी जुनी झाली ना, मग तिच्यावर खर्च कशाला करायचा? विकायला काढली तर येणार किती? त्यामुळे फिल्टरच्या पाइपची क्लिप तुटली असेल तर अजिबात टेन्शन घेऊ नका, या विषयातले डॉक्टर आपल्याकडे गल्लोगल्ली बसलेत. मागच्याच आठवड्यात एकाने माझ्या गाडीवर इलाज केलाय, अनुभव ताजा आहे, म्हणून सांगतो.

आधी फिल्टर काढायचा. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी गाडी असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं असतं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. पण एवढा वेळ कोणाकडे आहे? डायरेक्ट पाइप ओढा. तोंडावर फवारा आला म्हणजे पंप चांगला आहे, तेवढंच फुकटात चेकिंग.

क्लिपचे दोन कान दाबले की कनेक्टर सुटतो. इतकी वर्षं ऊन, धूळ, चिखल खाऊन ते प्लास्टिक पार ठिसूळ झालेलं असतं, म्हणून आधी माती धुऊन हलक्या हाताने... छे! स्क्रूड्रायव्हर घाला आणि पिळा. कट्ट झालं? शाब्बास. आता मालकाला सांगा, "साहेब, हे आधीच तुटलेलं होतं."

मग एम-सील. पांढरं-काळं मळा आणि थापा. आता कोणी शहाणा म्हणेल की या लाइनमध्ये साधारण ३ बार प्रेशर असतं, म्हणजे ४३-४४ पीएसआय, आपण टायरमध्ये भरतो त्याच्याहून जास्त, आणि तिथलं लीकेज थांबवते ती आतली ओ-रिंग, बाहेर थापलेला गोळा नाही, क्लिपचं काम फक्त पाइप जागेवर धरून ठेवायचं, आणि पेट्रोलने ओल्या झालेल्या नायलॉनवर तो गोळा धरतच नाही, वर गाडी हादरते, वर आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ज्यात जुन्या गाडीचं साधं रबर फुगतं, मग ती ओ-रिंग पण बदलायला नको का, ती केवढ्याची येते रे? पण नाही! गोळा थापायचा, वर बायंडिंगची तार आवळायची, वर काळी टेप, म्हणजे आत काय दिवे लावलेत ते कोणाला दिसायला नको, आणि वर म्हणायचं "दोन वर्षं बघायला नको साहेब"!

असो. टेफ्लॉन टेपही चालते. आटे नाहीत तिथे तर जास्तच.

फिल्टरवर पेट्रोल कुठल्या दिशेने जायचं ते दाखवणारा बाण असतो, तो शोभेचा.

पाइपच चिरला असेल तर गवंड्याचा लेव्हलचा पाइप घाला. आतलं पेट्रोल दिसतं, मुलांना मजा वाटते. पुढे तो कडक होऊन तडकतो तेव्हा आपण घरी असूच असं नाही.

डिझेलवाल्यांची तर चैन आहे. ज्या गाड्यांत इंजिनवरचा पंप टाकीतून डिझेल ओढतो, तिथे सांधा ढिला असला तरी थेंब पडेलच असं नाही, लाइन हवा घेते. सकाळी स्टार्ट होईना? आधी बॅटरी बदला, मग ग्लो प्लग, मग स्टार्टर. सांध्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

बास झालं. खंबाटकीच्या चढावर गाडीत पेट्रोलचा वास, मागच्या सीटवर म्हातारी आई, बाजूला घेऊन वाकून बघतो तर गोळा निखळून तारेला लोंबतोय, पेट्रोल ठिबकतंय आणि तिथून वीतभर अंतरावर तापलेला सायलेन्सरचा पाइप. याला जुगाड म्हणायचं? कौतुक कसलं करता रे याचं?

अरे, नुसती क्लिप तुटली तर बऱ्याच गाड्यांची क्लिप सुटी मिळते, नाहीतर अख्खा कनेक्टर मिळतो. फिल्टरची नळी मोडली तर नवीन फिल्टर घाला, तसाही बदलायचाच होता ना? लोखंडी लाइन गंजली असेल तर इंजेक्शनच्या प्रेशरचाच होज आणि त्याचेच क्लॅम्प लावा, पाण्याच्या पाइपचे नाहीत. मग चावी ऑन करा, पंप दोन-तीन सेकंद फिरतो, तसं तीन-चारदा करा आणि सांध्यावरून कोरडं फडकं फिरवून बघा. एवढंच काम आहे.

आणि तुमच्या हातून तुटलं तर तुटलं म्हणून सांगायला काय होतं? पार्टचे पैसे मी देतो, मजुरी देतो, वर चहा पाजतो. पण ते झाकायला काळी टेप गुंडाळून गाडी हातात देऊ नका. लोक बसतात त्यात.