भरपाईसाठी शिक्षेची वाट बघायची नसते

“गुन्हेपीडितांसाठी स्वतंत्र लोकपाल (त्यांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) नेमा” या मागणीची खिल्ली उडवणारा तो लांबलचक फॉरवर्ड आता घरच्या ग्रुपवरही आलाय. त्याचं म्हणणं असं: भरपाई आरोपीला शिक्षा झाल्यावरच मिळते, सरकारी वकील फुकट असतोच, लोकपाल कोर्टाचे निकाल फिरवेल आणि खर्च वाढेल तो वेगळाच.

भरपाईचं आधी, कारण हे वाचून लोक अर्जच करत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी तपास आणि खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम ३९६ काढून बघा. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपी निर्दोष सुटला तरी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. प्रथमोपचार, औषधपाणी, अंतरिम मदत त्याआधीही मिळते, पण प्रथमोपचार-औषधपाण्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो. गाडी नेमकी इथेच अडते. “साहेब बंदोबस्तावर आहेत, सोमवारी या.” तो सोमवार काही उगवत नाही, आणि हातात ना नकाराचा कागद, ना अर्जाची पोच. त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला ते पोलिसांनी पीडिताला ९० दिवसांत कळवायचं असतं. नाही कळवलं तर काय, हे त्या कलमात नाही. असल्या तक्रारी लोकपालाने घ्याव्यात, एवढीच मागणी आहे.

सरकारी वकील फुकट असतो, खरंय. पण तो राज्याचा वकील, तुमचा नव्हे. स्वतःचा वकील दिलात तरी तो सरकारी वकिलाच्या हाताखालीच काम करतो. तुमच्या वकिलाला तोंडी युक्तिवाद किंवा उलटतपासणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सांगितलंय.

निकाल फिरवण्याचं तर सोडूनच द्या. कॅनडात २००७ पासून पीडितांच्या लोकपालाचं केंद्रीय कार्यालय आहे आणि कोर्टाचे निर्णय त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

खर्चाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मानतो: हातात अधिकारच नसले तर खर्च वाया. कॅनडाचं कार्यालय फक्त शिफारस करतं. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने पीडितांसाठीच्या आयुक्ताला एकेकट्या प्रकरणात हात घालायलाच मनाई केली. तसलंच काही इथे आणायचं असेल तर नकोच. ठाण्यातून कागद मागवण्याचा अधिकार, उत्तराला ठरावीक मुदत आणि अहवाल थेट विधिमंडळापुढे, एवढं कायद्यात लिहून द्या.