शेपटाखालचं नाक

निसर्गाने प्राणी घडवताना एक पथ्य कसोशीने पाळलं: नाक पुढे, शेपूट मागे. दिवसभर चिखलात बसणाऱ्या म्हशीचंसुद्धा नाक वर राहील एवढी काळजी घेतली. ट्रायल्स मोटरसायकल घडवणाऱ्यांच्या कानावर हे पथ्य गेलेलं दिसत नाही. त्यांनी गाडीचं नाक, म्हणजे इंजिनाची हवा आत घ्यायची जागा, थेट शेपटाखाली बसवलं, तेही मागच्या चाकाच्या बरोबर डोक्यावर. ज्या चाकाने जन्मभर चिखल उडवायचाच वसा घेतलाय, त्याच्या शेजारी!

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. कोण आधी पोचला याला इथे कुणी विचारत नाही. दगडधोंडे, ओढा, निसरडा चढ, झाडांची मुळं अशा आखून दिलेल्या तुकड्यातून, म्हणजे सेक्शनमधून, पाय न टेकता गाडी काढायची. एकदा टेकलात तर १ गुण, दोनदा टेकलात तर २, त्यापुढे कितीही वेळा टेका, ३. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात तर ५. आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी तो पहिला. (शाळेत ही पद्धत असती तर माझे सत्कार झाले असते.)

हे सगळं उभ्याने करायचं असतं, म्हणून गाडीला सीटच नसते. शेजारचे काका अजून अधूनमधून विचारतात, "मिळाली का रे सीट?" ती चोरीला गेली असं त्यांनी मनाशी पक्कं केलंय. तर, सीट नाही म्हटल्यावर जी जागा उरते तिथे एअरबॉक्स, म्हणजे हवा ओढायचा डबा, आणि त्यात ती गाळणारा फोमचा फिल्टर. गाडीचं वजन सत्तर किलोच्या आसपास ठेवायचं, टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची, बाकी सगळीकडे इंजिन आणि सांगाडा. दुसरी जागाच नाही हो, असं बनवणारे म्हणतात. अवघड जागेच्या दुखण्याला हे कारण कायमच पुरतं.

लोकांना वाटतं इंजिन पेट्रोलवर चालतं. ते चालतं हवेवर. पेट्रोल नुसतं तोंडी लावायला. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,००० फेरे मारत असेल तर कागदावर तरी ते मिनिटाला हजार लिटर हवा ओढू शकतं. एवढी हवा ओढायची, आणि ती कुठून? तर चिखलाच्या कारंज्यातून.

बरं, टू-स्ट्रोकमध्ये हवा थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. ती आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, शिरते आणि मग वर चढते. म्हणजे फिल्टरला चुकवून आत घुसलेला मातीचा कण आधी क्रँकच्या बेअरिंगांची गाठभेट घेतो, तिथे पेट्रोलमधल्या ऑइलमध्ये कालवला जातो, त्याची छान घासायची पेस्ट होते, आणि ती मग पिस्टन, रिंगा, सिलिंडर यांना मनोभावे पॉलिश करत बसते. किक मारताना पूर्वीसारखा जोर लागेनासा झाला की समजायचं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं आणि खर्च आला.

यावर उपाय काय, हे विचारायची सोय नाही. न विचारता सांगणारे बरेच आहेत. एक म्हणतो, चाक आणि एअरबॉक्सच्या मधे रबराचा पडदा लाव. लावला. तो लांब ठेवला तर गाडी दगडावरून आपटली की चाक त्याला चावतं. आखूड कापला तर चिखल बाजूने वळसा घालून येतो. दुसरा म्हणतो, फिल्टरवर बायकांचा नायलॉनचा लांब मोजा चढव, चिखल त्यावर अडतो, मधल्या सुट्टीत ओढून काढला की आतला फिल्टर स्वच्छ. ही युक्ती खरंच चालते. फक्त असा एकच मोजा तुमच्या बॅगेत सापडल्यावर बायको जो प्रश्न विचारते, त्याचं "एअर फिल्टरसाठी आहे" हे खरं उत्तर आजवर कुणाही नवऱ्याच्या तोंडी शोभलेलं नाही.

तिसरा सल्ला इतका साधा असतो की कुणी मनावर घेत नाही: फिल्टरच्या कडेला, जिथे तो बॉक्सवर टेकतो तिथे, ग्रीसचा जाड थर द्यायचा. माझ्या मते अर्धी लढाई इथेच असते. चिखल फोममधून जातच नाही. त्याला एवढे कष्ट कशाला? तो कडेच्या फटीतून जातो.

आणि मग येतात ते टोकाचे. दिसेल ते भोक टेपने बंद करा! नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक दाबलं की इंजिन तोंड मिटून घेतं. हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काळाठिक्कर, आणि चढाच्या ऐन मध्यावर गाडी चोक ओढून ठेवल्यासारखी गुरगुरून बंद. ३ गुणांत भागणाऱ्या चढाचे ५ होतात. आत धूळ मात्र कणभर गेलेली नसते.

चिखल निदान हळूहळू मारतो. पाण्याला तेवढा धीर नसतो. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर यायला निघाला की दोघांपैकी कुणीच माघार घेत नाही आणि मधल्यामधे पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मनगटाला एक दोरी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणात. तुम्ही ओढ्यात आडवे झालात की ती सुटते आणि इंजिन बंद पडतं. त्यानंतर किक मारायचा मोह टाळून प्लग काढायचा, गाडी उलटी करायची, चाकं आभाळाकडे, एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने किक हाताने फिरवायची. प्लगच्या भोकातून जी पिचकारी उडते ती बघ्यांमधल्या नव्याकोऱ्या बुटांचा अचूक वेध घेते.

पण खरी गंमत वेगळीच. फिल्टर कोरडा ठणठणीत असतानाही गाडी ओढ्यात मान टाकते. मग सगळे एअरबॉक्स उघडून आत डोकावतात. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला खाली पेट्रोलची वाटी असते, तिला श्वास घ्यायला बारीक नळ्या असतात, त्या खाली लोंबत असतात. त्यांची टोकं पाण्यात बुडाली की वाटी गुदमरते आणि पेट्रोल नीट वर चढत नाही. एक टी-जोड घालून एक नळी वर टाकीखाली नेली की काम झालं. एवढ्याशा नळीपायी मी भल्याभल्यांना कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तत्त्वचिंतन करताना पाहिलंय.

घरी आल्यावर धुणं. फिल्टर रॉकेलमध्ये धुवायचा, पेट्रोलमध्ये नाही. पेट्रोलने फोमच्या सांध्याचा गोंद सुटतो. मग साबणाच्या पाण्यात. दाबायचा, पिळायचा नाही. पूर्ण वाळवायचा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर फिल्टर ऑइल ओतायचं आणि पिशवी बाहेरून मळत राहायची, फोमचा रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. हे ऑइल मधापेक्षा चिकट आणि रंगाने निळंशार. हातमोजे घातले तरी ते पुढच्या तासाभरात नळावर, दाराच्या मुठीवर, फोनवर आणि माझ्या कानावर सापडतं. कानाला हात लावल्याचं मला कधीच आठवत नाही.

म्हणून मी एक ऑइल लावलेला जादा फिल्टर पिशवीत बंद करून नेहमी जवळ ठेवतो. स्पर्धेच्या दिवशी तो वापरायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही, कारण त्याआधीच एक मित्र तो मागून नेतो. नाही म्हणता येत नाही. माझी गाडी उलटी करताना हँडल त्यानेच धरलेलं असतं. आठवड्याने फिल्टर परत येतो, त्याच पिशवीत, अर्ध्या सेक्शनची माती पोटात घेऊन.

"धुऊनच देणार होतो रे," तो म्हणतो, "पण म्हटलं, तुझी धुवायची पद्धत वेगळी असते."