न सुटलेला टॉर्पेडो

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून दीवला गेलो होतो. खुखरी स्मारकात, काचेआडच्या जहाजाच्या प्रतिकृतीला नाक लावून भाचा किती वेळ उभा! खाऱ्या वाऱ्याने धुरकटलेली काच बाहीने पुसत म्हणाला, "मामा, हे जहाज पाणबुडी शोधायला आलेलं ना? मग हेच कसं बुडालं?"

९ डिसेंबर १९७१च्या रात्री खुखरी आणि किरपाण या भारतीय युद्धनौका दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर होत्या. पण पाणबुडी खाली गप्प राहून नुसती ऐकत बसते आणि वर चालत्या जहाजाचा आवाज तिला दुरून कळतो. हंगोरचा किरपाणवरचा टॉर्पेडो वाया गेला, पुढचा खुखरीला लागला. काही मिनिटांत जहाज तळाला. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही.

दांडिया बाजारात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "पण त्यांची गाझी बुडाली ना आधी!" बुडाली ती पाकिस्तानी पाणबुडी, त्याच महिन्यात, विशाखापट्टणमजवळ, आतल्या सगळ्यांसकट. ती बुडाली हे आपल्यासाठी चांगलंच झालं, यात मला शंका नाही. पण पाणबुड्यांचा इतिहास म्हणजे कोणी किती बुडवलं एवढाच हिशेब, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून त्या संध्याकाळी भाच्याला मी वासिली आर्खिपोव्हची गोष्ट सांगितली. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाजवळची सोव्हिएत पाणबुडी बी-५९. आत उकाडा पंचेचाळीस अंशांवर, हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. तिला वर यायला लावण्यासाठी अमेरिकी जहाजं पाण्यात छोटे स्फोट करत होती. वर युद्ध पेटलंय असं वाटून कॅप्टन अण्वस्त्राचा टॉर्पेडो सज्ज करायला निघाला. पाणबुडीवरचाच अधिकारी असलेल्या आर्खिपोव्हने विरोध केला, कॅप्टनला शांत केलं. पाणबुडी वर आली, टॉर्पेडो जागच्या जागी राहिला.

शीतयुद्धातल्या पाणबुड्यांच्या सगळ्या पराक्रमांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, आणि तो शाळेत शिकवायलाच हवा.

"मग त्याची केवढी मिरवणूक निघाली असेल!" भाचा म्हणाला.

मी सांगितलं, आर्खिपोव्ह १९९८ मध्ये वारला. त्या दिवशी पाणबुडीत काय घडलं, ते जगाला २००२ मध्ये कळलं.